चाचणीची कॅसेट

डबी हलकी लागली. उघडायच्या आधीच, नुसती उचलतानाच बोटांना ते कळलं, आणि बोटांना कळलेलं डोक्यापर्यंत पोचायला जो एक क्षण लागला त्या क्षणापुरता तो अजून सुखात होता – कॅसेटची पारदर्शक डबी, कोपऱ्यात तडा गेलेली, आतल्या कागदी पट्टीवर वडिलांच्या ठसठशीत अक्षरात 'खराब. पुन्हा भरणे.' – मग त्याने ती उघडली. आत कॅसेट बसवायच्या दोन खुंट्या तेवढ्या उभ्या होत्या.

टेबलावर नव्हती. खिडकीत नव्हती. समोर पोट उघडून पडलेल्या टेपरेकॉर्डरमध्येही नव्हती. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तो, म्हणून स्वतःच्या शर्टाचा खिसासुद्धा चाचपून पाहिला... आणि मग आठवलं. म्हणजे हातांनाच आठवलं. त्या विकलेल्या, मोठ्या बटणांच्या चंदेरी टेपरेकॉर्डरचं झाकण गेल्या आठवड्यात याच हातांनी लावलं होतं, 'खट्' असा भरीव आवाज आला होता, तो आवाज आवडला म्हणून झाकण पुन्हा एकदा उघडून लावलं होतं, आणि वाटेत उघडू नये म्हणून वर चिकटपट्टीही मारली होती. मग बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, थर्माकोल, खोका. काळजी म्हणावी तर इतकी की आईची कॅसेट आत सुखरूप राहून परगावी जाईल याची चोख व्यवस्था मीच केली होती.

"अहो, काय शोधताय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही ते इतकं शोधत नाही कुणी."

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि निघायच्या घाईत होती. पॅसेजमधल्या रेडिओंच्या रांगेतून, दोन कॅमेऱ्यांच्या पिशव्या आणि बिनझाकणाचा एक टाइपरायटर ओलांडत ती दारापर्यंत पोचली, चपला एका स्पीकरच्या मागे सापडल्या. "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं," असं ती पहिल्या महिन्यात म्हणाली होती, तेही हसून. आता म्हणत नाही. नुसती अंग चोरून जाते. त्याला वाटलं सांगावं. पण त्याने नोकरी सोडली तेव्हा सगळे – सासरे, शेजारी, ज्याला व्यवहार म्हणजे काय ते ठाऊक नाही तो मेव्हणासुद्धा – हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका म्हणून सांगत होते, तेव्हा ही एकटीच म्हणाली होती, "करून बघा. नाही जमलं तर मी आहे." तिला सांगायचं तर जमलेलं सांगायचं. तो दार लावून परत खोलीत आला आणि रिकाम्या डबीसमोर बसला.

जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि इंटरनेटवर विकायची – आधी रविवारचा नाद होता, आता पोटाचा धंदा झाला होता. भंगारवाले ओळखीचे झाले होते, घर आवरणारी माणसं आपणहून फोन करत. टेप जिथून घासत जाते ते हेड स्पिरिटने पुसायचं, विरघळून काळं डांबर झालेला रबरी पट्टा बदलायचा, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढायचे. पण त्याआधी चाचणी. बाकीचे विक्रेते हाताला येईल ती गाण्यांची कॅसेट घालतात, वाजलं की झालं. तो तसं करत नसे. गाणं लबाड असतं, बिघडलेल्या यंत्रातही ते वेळ मारून नेतं. म्हणून तो ही कॅसेट लावायचा. सुरुवातीला वडिलांचा खोकला – तो छातीतून आला तर खर्ज ठीक, नुसताच घशातून आला तर स्पीकरचा कागद गेलेला. पुढे स्वयंपाकघरात झाकण पडतं – ते घरंगळत, किणकिणत शेवटपर्यंत गेलं तर वरचे सूर शाबूत. थप्प करून विझलं तर हेड पुन्हा पुसा. आणि त्याच्या जरा आधी आईचं वाक्य. ते वाक्य पाण्यात बुडतंय-वर येतंय असं डळमळलं तर पट्टा ढिला. आईचं वाक्य सरळ आलं की यंत्र पास. किती यंत्रं पास केली तिने!

त्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या होत्या... कारण तारेने रेडिओ जोडायची सोय आमच्या टेपरेकॉर्डरला नव्हती, किंवा असेल तर ती तार आमच्याकडे नव्हती. रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डरचं तोंड आणून ठेवायचं आणि घरादाराने श्वास रोखून बसायचं, अशी ती पद्धत. वडिलांना एक गाणं हवं होतं. फर्माईश पाठवून कितीतरी दिवस झाले होते आणि निवेदकाने अखेर आडनावासकट आमच्या कुटुंबाचा उल्लेख केला तेव्हा वडिलांना आनंदाने खोकला आला. ताईने हसू फुटेल म्हणून तोंडात उशी धरली होती. मला काळं आणि तांबडं अशी दोन बटणं एकदम दाबायचं काम दिलं होतं. दाबून झाल्यावरही मी बोट काढलं नव्हतं, काढलं तर बंद पडेल अशी भीती. खोलीत दुपारचा कोंडलेला उजेड, वडिलांच्या बनियनला इस्त्रीचा वास – सुट्टीच्या दिवशी बनियनला इस्त्री करणारा माणूस! – आणि गाण्याचा पहिला अंतरा संपून दुसरा सुरू होतोय तोच आतून आई, हातात काहीतरी घेऊन, जगात कुठेही काहीही विशेष चाललेलं नाही अशा आवाजात विचारती झाली, "कोण आहे दाराशी?"

आणि आम्ही तिघांनी एकदम – "शूऽऽऽ!"

त्या दचक्याने तिच्या हातातलं झाकण पडलं. मग बाकीचं गाणंभर, वाद्यांच्या मागे, तिचं दाबलेलं हसू ऐकू येतं. वडील त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाहीत. कागदाची पट्टी काढून लिहिलं – खराब. पुन्हा भरणे. आणि आमच्या घरात जसं सगळंच 'करणे' व्हायचं, नळ बदलणे, माळा आवरणे, तसंच हेही राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्याने फोन उचलला. गिऱ्हाइकाचा नंबर पार्सलच्या नोंदीत होता. घंटा वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा केला. पुन्हा थांबली. मग मेसेज – 'नमस्कार, यंत्रात चुकून एक कॅसेट राहिली आहे, कृपया रेकॉर्डचे बटण दाबू नये.' तो गेला, पण कुणी वाचला नाही. पार्सल पोचून चार दिवस झालेले दिसत होते. आणि वर गिऱ्हाइकाने विकत घेण्याआधी विचारलेला एकुलता एक प्रश्न होता, सकाळपासून तो वाचायचं टाळत होता – 'रेकॉर्डिंग होते का? बटणे मोठी आहेत का? रोज वापरायचा आहे.' त्याखाली त्याचंच ऐटबाज उत्तर – 'होते. स्वतः तपासले आहे.'

स्वतः तपासले आहे... तपासलं कसं, ते गिऱ्हाइकाला काय ठाऊक. कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत दोन चिमुकले दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, तांबडं बटण खाली जातच नाही. ही कॅसेट वडिलांच्या कपाटात सापडली तेव्हा दोन्ही दात मोडलेले होते, पेचकस घालून, जरा वेडेवाकडे, प्लास्टिकला ओरखडा पडलेला. वडील गेल्यावर कपाट आवरताना हे पाहिलं आणि तो तसाच जमिनीवर बसून राहिला होता. कधी मोडले असतील? आई गेल्यावरच, दुसरं कधी असणार. आई गेली त्या दिवशी हा माणूस सगळ्यांच्या चहाची व्यवस्था बघत होता, टॉवेल कुठे आहेत ते सांगत होता, आणि लोक म्हणाले, घट्ट आहे हो. वरची पट्टी त्यांनी बदलली नाही, खराब ते खराबच राहू दिलं. फक्त दात मोडले. मी माझ्या बापाला इतका जवळून आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

आणि मी काय केलं, तर त्या दोन भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावले. छान कात्रीने कापून, कडा जुळवून. कारण रेकॉर्डिंग होतं का तेही तपासावं लागतं आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी कोरी टेप होती. तिथे जाऊन 'हॅलो, टेस्ट' म्हणायचं आणि पुसायचं, म्हणायचं आणि पुसायचं. धंद्याला सोयीचं. वडिलांनी बंद केलेलं दार मी उघडून ठेवलं आणि कॅसेट पाठवून दिली अशा माणसाकडे, ज्याला रोज रेकॉर्ड करायचंय. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले; धोंडा नीट पॅक करून, पत्ता घालून पाठवणारा मीच.

परत तरी कुठल्या तोंडाने मागणार? प्रत्येक जाहिरातीखाली त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'फोटोत दिसते ते सर्व मिळेल.' आणि फोटोत, झाकणाच्या काचेमागे, कॅसेट स्वच्छ दिसत होती.

पुन्हा घंटा. पुन्हा कुणी नाही.

कुणाशी तरी बोलल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना, म्हणून त्याने डबलला फोन लावला. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात दोघांची टेबलं समोरासमोर होती. डबल हे नाव कारखान्यानेच पाडलेलं – बंद झालेला खोका तो पुन्हा उघडून मोजायचा, आणि नुसतं मोजून समाधान नाही म्हणून कानाशी धरून हलवायचा. आत एखादी तोटी सैल असली की म्हणायचा, "आतून बोलतंय रे." त्याची केवढी चेष्टा केली होती! रात्री बायको-पोरं मोजून झोपतोस का, म्हणून विचारलं होतं. तेव्हा डबल गंभीरपणे म्हणाला होता, "दोनदा."

"काय शेठ!" डबलचा आवाज, मागे चिकटपट्टीच्या बंदुकीचं ते कर्कश ओरबाडणं, ट्रकवाल्याचा हॉर्न. "आज गरिबाची आठवण?"

"डबल, माल चुकून गेला रे."

"किती नग?"

"एक."

"हात्तिच्या! चेक कोणी केला होता?"

"मीच."

"पॅक?"

"मीच."

"गेटपास?"

"मीच रे बाबा, सगळं मीच."

"मग शिव्या कुणाला घालणार आता?" डबल खो खो हसला. पण लगेच त्याने आवाज खाली आणला. "महत्त्वाचं होतं काय?"

"आईची कॅसेट होती."

डबल गोंगाटापासून बाजूला गेला, चिकटपट्टीचं ओरडणं मागे पडलं. मग डबल म्हणाला, "साहेब विचारत होते परवा तुझ्याबद्दल. तुझ्या खुर्चीवर कुणी टिकत नाही. बोलू का मी? तू काही बोलायचं नाहीस, मीच सहज विषय काढतो."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला ती जागा दिसली, दिसली म्हणजे नाकात शिरली – पुठ्ठ्याची धूळ, अर्धवट उघडलेल्या शटरखालून आत सरपटणारं ऊन, त्या उन्हात तरंगणारे कण, चहाच्या वेळी सगळ्यांनी खोक्यांवरच बसणं, साहेब आले की सगळ्यांनी एकदम कामात असणं... तिथे चूक झाली की ती तिघांची असायची. तिघांत वाटली की घास-घासच यायची वाट्याला. इथे या खोलीत मी एकटा, खिडकीजवळचा उजेडही एकट्याचा, आणि चूकही अख्खी. मला कुणीतरी माझा खोका कानाशी धरून हलवायला हवा आहे.

"बघू," तो म्हणाला. नको म्हणायचं होतं. 'बघू' कसं निघालं ते कळलं नाही, आणि फोन ठेवल्यावर त्या एका शब्दानेच तो घाबरला.

दुपारी काम तरी करावं म्हणून उघडं पडलेलं यंत्र मिटवलं, कुठलीशी गाण्यांची कॅसेट घातली. वाजलं. चांगलं वाजलं. पण चांगलं म्हणजे किती चांगलं? त्याला काही सांगता येईना. त्याने ते बंद केलं आणि डोळे मिटून आईचं वाक्य मनातल्या मनात लावून पाहिलं. शब्द आले, अगदी क्रमाने. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. शब्द पुन्हा आले, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे, कुणाच्याही तोंडचे. त्याने डोळे उघडले. यंत्रावर विसंबून माणसाने आपली आईसुद्धा पाठ करून ठेवली नाही. लोकांना जुन्या आठवणी विकणारा मी, आणि स्वतःच्या घरात...

उन्हं भिंतीवरून टाइपरायटरपर्यंत उतरली तेव्हा फोन वाजला. तोच नंबर.

"नमस्कार," एका बाईचा आवाज. "तुमचे बरेच मिस्ड कॉल दिसले. अहो, मी शाळेत शिकवते, दिवसभर घरी सासरेच असतात. ते फोन उचलायला जातात, पण त्यांचा हात पोचेपर्यंत बंद होतो. अर्धांगाचा झटका येऊन गेलाय ना. बोलणं पार गेलं होतं, आता थोडं थोडं परत येतंय. थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, रोज वाचायचं, रेकॉर्ड करायचं नि स्वतःचं स्वतः ऐकायचं. मोबाईलवर त्यांचं बोट ठरत नाही, म्हणून तुमचं मशीन घेतलं. बटणं छान आहेत हो!"

"त्यात एक कॅसेट–"

"तीच! त्याबद्दलच बोलायचंय त्यांना. देते हं. तेवढी घाई करू नका, मध्ये थांबले तर शब्द सुचवू नका, चिडतात."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस. मग श्वास. मग, जड खुर्ची ओढल्यासारखं, "नम... स्कार."

"नमस्कार, काका."

"मी... वाचलं. त्यावर." थांबा. "ह... हवामान."

तो उभा राहिला. "रेकॉर्ड केलंत? कुठल्या भागावर?"

"सुरुवात. तिथे... कोणी... खोकत होतं." म्हातारा दमला, पुन्हा जुळवाजुळव झाली. "मला वाटलं... कं... कंपनीचं."

कंपनीचं! वडील खोकत होते, काका, फर्माईश लागली त्याच्या आनंदात, इस्त्रीचा बनियन घालून... हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं आणि त्यासोबत जे आलं तो राग होता, साधा, तापलेला राग, आणि तो त्या अर्ध्या जिभेच्या माणसावर काढायचा नव्हता हे कळूनही तो आला. खोकला गेला. निवेदकाने घेतलेलं आमचं नाव गेलं. आता तो खोकला फक्त माझ्याकडे उरला होता, आणि आज दुपारीच मी पाहिलं होतं माझ्याकडे काय काय उरतं ते.

"वडील होते माझे," तो म्हणाला.

"अरे," म्हातारा म्हणाला. स्वच्छ, एका दमात. मग, "चु... चुकलं."

"तुमचं नाही चुकलं. मीच विसरलो आत."

"पुढे... आहे. माझं... संपतं. मग... बाई... विचारते." आणि त्याच्या आवाजात काहीतरी हललं, तो हसत होता. "कोण आहे... दा... दाराशी. मग सगळे... शू! फार... हसलो. सून... धावत आली."

आई आहे. त्याने डोळे मिटले. आई होती, झाकण होतं, दाबलेलं हसू होतं. हवामान तिच्या अलीकडेच थांबलं होतं.

"पण... उत्तर," म्हातारा म्हणाला. "कोणीच... देत नाही."

"नाही देत."

"कोण... होतं?"

कोण होतं? कडी वाजली असणार, काहीतरी ऐकल्याशिवाय ती विचारणार नाही. शेजारची बाई, दूधवाला, पोस्टमन, की कुणीच नाही, वारा? आम्ही तिघे तिला गप्प करण्यात गर्क होतो, आणि त्यानंतर इतकी वर्षं, इतक्या यंत्रांमधून, मी त्या वाक्यात पट्टा ऐकला. पट्टा ढिला आहे की घट्ट. ती काहीतरी विचारते आहे हे माझ्या कानावर कधी आलंच नाही. एक बाई आयुष्यभर कोणाला तरी काहीतरी विचारत होती... आणि आलेला माणूस? तो दाराबाहेर किती वेळ थांबला असेल?

"आठवत नाही, काका. खरंच आठवत नाही."

"मी... देतो," म्हातारा म्हणाला. "उत्तर. रोज. ती वि... विचारते, मी म्हणतो... मी. मी आहे. सून म्हणते... 'मी'... चांगला येतो." दम. "तुमची ना? पाठवू... परत?"

हो पाठवा, एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून ते वाक्य जिभेवर तयार होतं. उद्याच पाठवा, कुरिअरचा खर्च मी देतो, तुम्हाला चांगली कोरी कॅसेट पाठवतो, दहा पाठवतो. त्याने तोंड उघडलं, आणि पलीकडे तो माणूस तेवढ्यात पुन्हा शब्द गोळा करू लागलेला ऐकू आला, म्हणून थांबला.

"विचारा ना," म्हातारा म्हणाला. "तुम्ही. म्हणजे... दाखवतो."

"काय विचारू?"

"तेच."

संकोच वाटला. रिकाम्या घरात, रेडिओंच्या रांगेसमोर, पन्नाशीचा माणूस. त्याने घसा साफ केला.

"कोण आहे दाराशी?"

'आहे' जरासं ओढलं गेलं. 'दाराशी' शेवटी खाली उतरलं, हातात काम असलेली बाई विचारते तसं, कुणी उठणार नाही हे ठाऊक असून, तरी आलेल्याला आत घ्यायला हवंच म्हणून. त्याच्या घोगऱ्या, पुरुषी गळ्यातून ते जसंच्या तसं निघालं, न डळमळता, आणि निघून गेल्यावर खोलीत नुसतं राहिलं. कुणी शू केलं नाही.

पलीकडे जीभ हलली, अडली, पुन्हा मागे गेली. ओठ मिटल्याचा मऊ आवाज आला. 'म' तिथे होता, पुढचं यायचं होतं. सुनेने सांगितलं होतं, सुचवू नका. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तो थांबून राहिला. त्याला कसलीही घाई नव्हती.